उद्घाटन नको म्हणणारे तुपे सर

"ज्यांचा फ्लेक्स छापून झालाय त्यांनी हात वर करा."

नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी तुपे सरांचा पहिला प्रश्न हाच असायचा. नाव नाही, गाव नाही, शिक्षण नाही, थेट फ्लेक्स. आधी कुणी हलायचं नाही. मग मागच्या बाकावरून एखादा हळूच हात वर करायचा, त्याचं बघून दुसरा, आणि बघता बघता निम्मा वर्ग हात वर करून बसलेला. माल तयार नाही, मशीन आलेलं नाही, जागेचा पत्ता नाही. पण दुकानाच्या उद्घाटनाचा फ्लेक्स मात्र घरात गुंडाळी करून उभा ठेवलेला.

गंगापूरकडचा एक जण तर फ्लेक्स काखेत मारूनच आला होता. सरांनी तो वर्गात उलगडून दाखवायला लावला. वर देव, देवाखाली तालुक्याचे पुढारी, पुढाऱ्यांखाली शुभेच्छुक म्हणून सगळी मित्रमंडळी गॉगल लावून. सर बराच वेळ बघत राहिले.

"शेठ, दुकानात मिळतं काय?"

"ते लिहायचं राहिलं सर. जागाच नाय उरली."

"आन तुमचा फोटो?"

"तो हाय की. दोन ठिकाणी हाय."

तो कोंबड्यांचं खाद्य विकणार होता, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं.

आमचं केंद्र चिकलठाण्याच्या बाजूला, एका बंद पडलेल्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. लहानसहान धंदा सुरू करणाऱ्यांना महिनाभर शिकवायचं आणि पुढं वर्षभर त्यांच्या मागं हिंडून धंदा उभा राहतोय का ते बघायचं, असं आमचं काम. शिकवायचे तुपे सर. माझ्याकडं हजेरी, कागदपत्रं, बँकांचे फोन आणि सरांना आवर घालणं. हे शेवटचं काम माझ्या नेमणूकपत्रात नव्हतं, पण सगळ्यात जास्त वेळ त्यातच जायचा. सर मला 'मॅनेजर' म्हणायचे. मी मॅनेजर नव्हते. ते सगळ्यांनाच असं एकेक पायरी वर चढवून बोलायचे. प्रशिक्षणाला आलेला प्रत्येक जण त्यांचा 'शेठ' असायचा, मग ती शेवया करणारी बाई का असेना. पहिल्यांदा शेठ ऐकल्यावर बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. आठवडाभरात त्यांना त्याची सवय व्हायची, आणि मग मी नुसतं नावानं हाक मारली की मलाच वरून खाली बघायच्या.

सर अंगानं किडकिडीत, उंच, आणि पायात कायम चपला, पावसाळ्यातसुद्धा. बूट घातलेला माणूस दिसला की दुकानदाराला इन्स्पेक्टर आल्यासारखं वाटतं, म्हणून चपला, असं त्यांचं म्हणणं. चहा अर्धाच प्यायचे, उरलेला तसाच ठेवून उठायचे. आणि बोलायचे. काय बोलायचे हो! सकाळी नऊला सुरू झालेलं बोलणं जेवणाच्या डब्यापाशी आलं तरी चालू. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की सरांचं उत्तर तयार. मराठीत सुरू करून मध्येच दखनीत शिरायचे, "नक्को मियाँ, वो नक्को," म्हणत परत मराठीत यायचे. माणूस काय म्हणत होता हे पुष्कळदा त्या माणसालाही आठवायचं नाही.

पण उत्तर बरोबर असायचं, ही पंचाईत. त्यामुळं त्यांना थांबवायला तोंड उघडायचं नाही कुणाचं.

दुकान सुरू झालं की सर परीक्षा घ्यायचे. सिडकोत आमच्या एका बाईंनी ज्वारी-बाजरीच्या भाकरीचं केंद्र काढलं होतं. सर माझ्याच टेबलावरून आवाज बदलून त्यांना फोन लावायचे. एकदा म्हणाले, भाकरी फार कडक होती. लगेच दुसऱ्या दिवशी म्हणाले, फार मऊ होती. तिसऱ्या दिवशी काय म्हणावं या विचारात असतानाच पलीकडून बाईंचा शांत आवाज आला, "सर, तुम्हाला कशी पाहिजे ते आधी घरात ठरवा, मग फोन करा. माझा तवा तापलाय." सरांनी फोन ठेवला आणि दिवसभर येईल त्याला ही गोष्ट सांगत सुटले. हरल्यावर एवढा खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चिडायचे ते एकाच गोष्टीवर, आणि ती म्हणजे उद्घाटन. मांडव, रिबीन, फेटे, शाल-नारळ, पुढाऱ्याची वाट बघत ताटकळलेली माणसं आणि शेवटी पंगत. यातलं काहीही करायचं नाही, असा त्यांचा कायदा होता. सकाळी दुकानाचं शटर वर करायचं, झाडून घ्यायचं, देवाला हात जोडायचे आणि बसायचं. बास.

याला कारण होतं. सर तरुण असताना त्यांनी शहरात टीव्ही सेंटरच्या बाजूला पंख्या-मिक्सरचं दुकान टाकलं होतं. घरची शेती गंगापूरला, गोदावरीच्या अंगाला, मोठा गोतावळा. उद्घाटनाला अख्खा गाव जीप भरभरून आला. बँड होता, पुढारी होता, गुलाबजाम होते. दुसऱ्या दिवसापासून तीच माणसं दुकानात यायला लागली, पण गिऱ्हाईक म्हणून नाही. बाजाराला आलं की दुकानात टेकायचं, पिशव्या ठेवायच्या, चहा घ्यायचा, पंख्याखाली डुलकी काढायची आणि पंखा मात्र दुसऱ्या दुकानातून घ्यायचा.

"का म्हणून?" मी विचारलं होतं.

"अहो मॅनेजर, माझ्याकडून घेतला तर मी पैसे घेणार नाही, असं त्यांना वाटायचं. आन पैसे न देता घ्यायची त्यांना लाज वाटायची. लोक लई चांगले होते. चांगुलपणानंच बुडालो मी."

हे सांगताना ते खो खो हसायचे. मग बोट वर करून वर्गाला सांगायचे, "ज्याला तुम्ही एकदा पंगतीला बसवलं, तो पाहुणा झाला. पाहुण्याला बिल फाडता येत नाही. लक्षात ठेवा, पहिला माणूस दुकानात आला पाहिजे तो अनोळखी."

हा कायदा मोडणारेही होतेच. मेहुणे-मेहुणे असलेल्या दोघा शेठ लोकांनी खुलताबादच्या रस्त्यावर उसाच्या रसाची गाडी टाकली आणि सरांना न विचारता मोठं उद्घाटन केलं. मुहूर्त फार उत्तम निघाला होता म्हणे. मुहूर्त श्रावणातला. आम्ही बघायला गेलो तेव्हा बारीक पाऊस लागलेला, सगळ्या डोंगरावर धुकं, आणि हे दोघं घुंगरं वाजवत रस प्यायला बोलवतायत. येणारी-जाणारी माणसं गारठून चहा शोधत होती. मला वाटलं आता सर तोंडाचा पट्टा सोडणार. पण सरांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, म्हैसमाळकडं जाणाऱ्या मोटारींकडं बघितलं आणि म्हणाले, "शेठ, चरक झाका ताडपत्रीनं. शेगडी आणा. मक्याची कणसं कुठं मिळतात?" दोन पावसाळे ते दोघं कणसं भाजत होते. रस उन्हाळ्यात. सांगायचं म्हणजे माणूस हट्टी होता, पण हट्ट धरून दुसऱ्याला बुडू देणारा नव्हता.

आता रुक्मिणची गोष्ट.

रुक्मिण वेरूळच्या अलीकडची. घर मेंढपाळांचं. सासऱ्यांनी, सखारामबाबांनी, आयुष्य मेंढरांमागं काढलेलं. पुढं गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकून थोडी जमीन केली. नवरा वाळूजला कंपनीत, कंत्राटावर. आमच्याकडं शिवणकामाच्या बॅचला आली. पहिल्या दिवशी सरांनी विचारलं, काय शिवणार? सगळ्याजणी म्हणाल्या ब्लाउज. ही म्हणाली, "गाडीच्या सीटा."

वर्ग हसला. ती काही हसली नाही.

"आमच्या गल्लीत दर घराला एक ब्लाउज शिवणारी हाय. मी काय नवं करायचं? आन काळी-पिवळी जीपमधी बसा एकदा. सीटातून तार वर आलेली. लई टोचती. माझं नवं लुगडं फाटलं तिनं. ड्रायव्हरला म्हनलं तर म्हनतो, सीट शिवायला औरंगाबादला जावं लागतं, दिवस मोडतो. मंग मीच शिवते की."

सर त्या दिवशी पहिल्यांदा मध्ये बोलले नाहीत. नंतर मला म्हणाले, ही जाणार वर.

तिची जागा मोक्याची होती. गावाचा फाटा जिथं मोठ्या रस्त्याला मिळतो तिथंच सखारामबाबांची पत्र्याची शेड. वेरूळला पाहुणे घेऊन जाणाऱ्या, परत येणाऱ्या सगळ्या जीपगाड्या तिथं दम घ्यायच्या. तीच शेड एका हॉटेलवाल्यालाही पाहिजे होती, चांगलं भाडं द्यायला तो तयार होता. बाबांनी सुनेला सरळ सांगितलं, "पाडव्यापासून पाडव्यापर्यंत शेड तुझी. वर्षात चाललं तर तुझी, नाय तर हॉटेलवाल्याची. मंग तू घरात ब्लाउज शिव, नाय तर रोजानं जा." बाबा वाईट नव्हते. पोराचा कंत्राटी पगार आणि थोडी जमीन सोडली तर घरात दुसरं काही येणं नव्हतं, त्यांना तरी किती दिवस वाट बघणं परवडणार?

केंद्राच्या ओळखीनं जाड शिलाईचं जुनं मशीन मिळालं, रेक्झिनचे गठ्ठे आले, आणि पाडव्याला रुक्मिणचं दुकान सुरू झालं. सुरू झालं म्हणजे, सरांच्या कायद्याप्रमाणं. पत्र्याचं दार उघडलं, झाडलं, हात जोडले, मशीनवर बसली. आम्ही दोघं हजर होतो. सखारामबाबा मोठा पांढरा फेटा बांधून आलेले, इकडं बघतायत, तिकडं बघतायत.

"बाकीचे कुटं हायत?" त्यांनी मला विचारलं.

"बाकीचे नाहीत बाबा. उद्घाटन करायचं नाही, सरांचं म्हणणं."

बाबांचा चेहरा पडला. "नारळ बी नाय? आवं, लोक म्हनतील सून चोरून धंदा करू राह्यली."

सरांनी त्यांना पंख्या-मिक्सरची सगळी कथा सांगितली. बाबांनी ती ऐकून घेतली आणि फेटा सोडून हातात धरून घरी गेले. मला फार वाईट वाटलं त्यांचं. सरांनाही वाटलं असावं, कारण परत येताना ते जरा जास्तच मोठ्यानं बोलत होते.

पहिले दोन महिने गिऱ्हाईक आलं नाही. सर म्हणाले, अनोळखी माणूस यायला वेळ लागतो. पावसाळा लागला तरी आलं नाही. सर म्हणाले, पावसाळ्यात गाड्या कमी. पण गाड्या कमी नव्हत्या, वेरूळचा धबधबा बघायला तर दुप्पट गाड्या. त्या फाट्यावर थांबायच्या, ड्रायव्हर खाली उतरायचे, शेडच्या दारातून आत बघायचे, मशीनवर बसलेली रुक्मिण त्यांना दिसायची, आणि ते तंबाखू मळत परत गाडीत बसायचे. रुक्मिण तेवढ्यात एकेक कव्हर शिवायची, उसवायची, परत शिवायची. नवरा सुट्टीला आला की त्याच्या मित्राच्या टेम्पोवर बसवून बघायची. फोन केला की म्हणायची, "बरंय मॅडम." पण आवाज बारीक झाला होता. हॉटेलवाला आता येता-जाता बाबांजवळ टेकायला लागला होता, हे मला तिच्या नवऱ्याकडून कळलं.

मी सरांना म्हटलं, काहीतरी चुकतंय. सर म्हणाले, धीर धरा. मी म्हटलं, धीर तुम्ही धरा, शेड तिची जाणार आहे. आमचं त्या दिवशी वाजलं. मी डबासुद्धा वेगळ्या टेबलावर खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सर आपण होऊन म्हणाले, "चला, फाट्यावर जाऊन बसू."

दसरा तोंडावर आलेला. फाट्यावर एक काळी-पिवळी उभी होती आणि तिच्या ड्रायव्हरच्या सीटवर गोणपाट टाकलेलं. ड्रायव्हर सलीमभाई, खुलताबादचे, दाढी मेंदीनं लाल. सरांनी विचारलं, "भाई, सीट फाटली की तुमची. समोरच तर शिवून देतात."

"मालूम है," सलीमभाई म्हणाले. "आपा अच्छा सीती. देखा मैं."

"मग शिवून का नाही घेत?"

सलीमभाईंनी सरांकडं असं बघितलं, जणू या माणसाला साध्या रीतीभाती माहीत नाहीत. "उद्घाटन तो होने दो ना साब. अब्बी तक दुकान खुलीच नै. बिना बुलाए, बिना ओपनिंग के कैसा घुसना? अच्छा नै लगता."

सलीमभाई पुढं सांगत होते. बाबाकी बहू है, इज्जतदार घर है. सगळे ड्रायव्हर वाट बघून राहिलेत. काहींना तर राग आलाय की बाबांनी त्यांना वगळून उद्घाटन उरकलं की काय. पांडू ड्रायव्हर म्हणत होता, आपल्याला बोलावलं नाही तर आपण काय म्हणून जायचं?

म्हणजे सहा महिने फाट्यावरचं सगळं गिऱ्हाईक शिष्टाचार म्हणून बाहेर उभं होतं. शहरात शटर वर गेलं की दुकान उघडलं. इथं रिबीन कापल्याशिवाय दुकान उघडत नाही, ते नुसतं दार असतं. मला हसू येत होतं आणि रुक्मिणकडं बघून रडूही येत होतं. ती मशीनवर हात ठेवून सगळं ऐकत होती. सखारामबाबा कोपऱ्यातल्या गठ्ठ्यावर बसलेले. 'मी म्हनलं व्हतं' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्या वेळी ते म्हणाले असते तर बरं झालं असतं.

सर आत जाऊन बाबांशेजारी टेकले. मग म्हणाले, "बाबा, दसऱ्याला उद्घाटन करू."

लगेच प्रश्न आला, पाहुणा कोण? आजी सरपंच बोलवावे तर माजी रुसणार. माजी बोलवावे तर भाऊकी रुसणार. बाबा एकेक नाव घ्यायचे आणि स्वतःच खोडायचे. शेवटी रुक्मिण म्हणाली, "कुनालाच नको. सलीमभाईंच्या सीटापासून सुरू करायचंय, तर त्यांनाच कापू द्या."

दसऱ्याला सगळ्या जीपगाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून फाट्यावर आल्या होत्या. बाजारातून रिबीन आणायची राहून गेली, म्हणून रुक्मिणनं लाल रेक्झिनची पट्टी कापून दाराला बांधली. बाबांनी फेटा बांधला, ताटात कात्री धरली. सलीमभाईंनी रिबीन कापली, टाळ्या झाल्या, नारळ फुटला. रुक्मिणनं त्यांच्या सीटचं माप घेतलं. आता सगळं संपलं म्हणून आम्ही चहाकडं वळणार, तोच मागून पांडू ड्रायव्हर म्हणाला, "आन आमी काय पाप केलंय? आमची बी सीट फाटलेली हाय."

बाबांनी सुनेकडं बघितलं. सुनेनं गठ्ठ्यातून दुसरी पट्टी कापली. बाबांनी ती स्वतः दाराला बांधली, ताट पांडूपुढं धरलं. पांडूनं कॉलर सारखी केली, फोटो काढायला लावला आणि रिबीन कापली. त्याच्यामागं तिसरा उभाच होता.

तेव्हापासून ती रीतच पडली. सीट शिवायला जो येईल तो आधी रिबीन कापणार. कधी लाल, कधी निळी, कधी पोपटी, उरलेल्या तुकड्यांची. ज्याची गाडी तो प्रमुख पाहुणा, आणि हा पाहुणा राजीखुशीनं सीटचे पैसे देऊन जायचा. ट्रॅक्टरवाले आले, टेम्पोवाले आले, कन्नडहून कुणी फक्त रिबीन कापायची म्हणून चांगली सीट बदलून गेला. सखारामबाबा सकाळी फेटा बांधून कात्री घेऊन बसायचे ते संध्याकाळी उठायचे. एकदा त्यांना ताप होता तर रुक्मिणच्या नवऱ्यानं रिबीन बांधली. गिऱ्हाईक म्हणालं, राहू द्या, मी बाबा बरे झाल्यावर येतो.

सर हे सगळं बघायला दर पंधरा दिवसांनी जायचे. "पाहुणा पैसे देतोय, मॅनेजर," परत येताना मला सांगायचे. चार-चारदा सांगायचे. स्वतःचं दुकान आठवत असणार त्यांना, दुसरं काय.

आणि मग पाडवा आला.

धंदा चालत होता, पण हॉटेलवाल्यानं भाडं वाढवून सांगितलं होतं. रुक्मिणची कमाई त्याच्या आसपास जाईल न जाईल, अशी. त्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा हॉटेलवाला गवंड्याला घेऊन शेडसमोर उभा होता. गवंडी भिंतीला टेप लावून बघत होता. रुक्मिण मशीनवर होती, पण मशीन बंद. सर काही बोलायला पुढं झाले, मी त्यांचा हात धरला. यात आपण बोलायचं नसतं, एवढं त्यांनाही तेव्हा कळलं.

सखारामबाबा म्हणाले, "टेप गुंडाळा."

"बाबा, आपलं ठरलं होतं," हॉटेलवाला म्हणाला. "भाडं कमी वाटतंय का?"

"भाडं लई चांगलं हाय. पर ही शेड आता सूनबाईची. तिला इचारा."

रुक्मिण उठून उभी राहिली, सासऱ्यांना म्हणाली, "मामा, जागा तुमची हाय."

"जागा माझी हाय. पर ह्यो रस्त्यावरचा मानूस गाडी थांबवतो तो तुझ्यामुळं. तो मी ह्यांला कुटून आनून देऊ?" मग हॉटेलवाल्याकडं वळून म्हणाले, "समोर माझ्या भावाची जागा पडली हाय. तिथं टाका हॉटेल. सीट शिवंस्तोवर ड्रायव्हर चहा कुटं पिनार?"

हॉटेलवाल्यानं रस्त्यापलीकडं बघितलं. विचार केला. मग गवंड्याला खूण केली आणि दोघं टेप घेऊन पलीकडं गेले. आज तिथं त्याचं हॉटेल आहे, भजी चांगली असतात.

रुक्मिण खाली बसली आणि रडायला लागली. बाबा तिच्याकडं न बघता कात्रीला तेल लावत बसले. मीही रडले, खोटं कशाला बोलू. सर तेवढे कोरडे उभे होते. मग ते तिच्यासमोर गठ्ठ्यावर बसले आणि म्हणाले, "रुक्मिणशेठ, माझ्या हट्टापायी तुझं अर्धं वर्ष वाया गेलं. आज शेड गेली असती तर ती माझ्यामुळं गेली असती. मी कुणाला विचारलंच नाही इथं काय रीत आहे."

असं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. वर्गात त्यांनी पंख्या-मिक्सरची चूक शंभरदा सांगितली असेल, पण ती गंमत म्हणून. ही गंमत नव्हती.

रुक्मिणनं डोळे पुसले. "वाया नाय गेलं सर," ती म्हणाली. "मला तवा कुटं येत व्हतं? पाडव्याला गिऱ्हाईक आलं असतं तर वाकडी शिलाई घिऊन गेलं असतं, आन परत आलं नसतं. त्या सहा महिन्यात हात बसला माझा. तुमी मला शिकायला येळ दिला असंच मी समजते."

सरांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. एवढं पुसण्यासारखं त्याच्यावर काही नव्हतं.

त्यानंतर त्यांनी दोन बॅचेस शिकवल्या. फ्लेक्सचा प्रश्न बंद केला. पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारायचे, "तुमच्या गावात दुकान उघडलं हे लोकांना कसं कळतं?" उत्तरं काय एकेक यायची. कुणी म्हणायचं पोरांना गोळ्या वाटल्या की, कुणी म्हणायचं दर्ग्यावर आधी चादर चढवल्यावर, कुणी म्हणायचं आत्याबाई येऊन बसल्यावर. सर कुणालाच चूक म्हणायचे नाहीत. बॅचचा पहिला दिवस त्यातच संपायचा आणि माझं वेळापत्रक कोलमडायचं.

मग त्यांनी काम थांबवलं आणि लेकीकडं नाशिकला जायचं ठरवलं. सोमवारी निघणार होते. रविवारी मी कन्नडला एका लग्नाला एसटीनं निघाले होते. फाट्यावर गतिरोधक आहे, तिथं गाडी हळू झाली. खिडकीतून बघते तर शेडच्या दारात, गठ्ठ्यावर, चपला काढून सर बसलेले. त्यांच्यासमोर कुणी एक ट्रॅक्टरवाला हातवारे करत काहीतरी सांगत होता. चांगलं लांबलचक असावं, कारण तो मध्येच उभा राहिला, परत बसला. आत रुक्मिणचं मशीन चालू होतं. सरांनी हनुवटी हातावर टेकवली होती आणि ते त्याच्या तोंडाकडं बघत होते.

खिडकीतून हात बाहेर काढून मी हाक मारणार होते, पण मारली नाही. सर ऐकत होते.